पाखरांची किलबिल आणि परिभाषा
एखाद्या व्यवसायातल्या खास भाषेला इंग्रजीत ‘जार्गन’ म्हणतात. हा शब्द ज्या जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ पाखरांची किलबिल असा होता. त्यावरून न कळणारी बडबड आणि पुढे विशिष्ट गटाचीच बोली, असे अर्थ त्याला चिकटले. नापसंतीची छटा मात्र आजही गेलेली नाही. आपल्या ‘परिभाषे’त ती नाही. संस्कृत व्याकरणात परिभाषा म्हणजे इतर नियम कसे लावावेत हे सांगणारा नियम. उदाहरणार्थ, पाणिनीच्या ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ या सूत्रानुसार दोन नियमांत विरोध आल्यास नंतरचा लागू होतो. म्हणूनच ‘जार्गन’साठी सरसकट ‘परिभाषा’ लिहिलेले मला खटकते. डॉक्टर आपसांत उच्च रक्तदाबाला ‘हायपरटेन्शन’ म्हणतात, ती परिभाषा. रुग्णाला मात्र त्यातले ‘टेन्शन’ तेवढे ऐकू येते.