गोदावरीची वाळू समुद्रतळाशी कुठे थांबते
त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरीही पठार पूर्वेकडे कललेले असल्यामुळे गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. आंध्र किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातील नैसर्गिक वायूच्या साठ्यांचा विचार मी नेहमी इथूनच सुरू करतो. मात्र तो वायू नाशिकच्या वाळूत साठला आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. तिथला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, झिजला की त्याची मुख्यतः काळी माती होते. क्वार्ट्झची टिकाऊ वाळू नदीला मिळते ती पुढे, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गोंडवाना वालुकाश्मांतून (प्राचीन गोंडवाना काळातल्या, वाळूच्या दगडांतून), जुन्या नाइस खडकांतून आणि पूर्व घाटातून.

हे गोंडवाना खडक ज्या प्राणहिता-गोदावरी खचदरीत (जमीन ताणली जाऊन खचल्याने झालेल्या लांबट दरीत) साचले, ती वायव्य-आग्नेय दिशेची आहे आणि सिरोंच्यापासून पुढे नदी आजही तिच्याच रेषेने उतरते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून विलग होताना ईशान्य-नैर्ऋत्य भ्रंशांची, म्हणजे खडक सरकलेल्या भेगांची, दुसरी मालिका या खचदरीला जवळपास काटकोनात छेदून गेली. पहिल्या तुटीने वाळूची वाट ठरवली, दुसरीने ती साचण्यासाठी खोल जागा करून दिली.

किनाऱ्यावरची वाळू खंडान्त उतारावरून, म्हणजे खंडाच्या कडेपासून खोल समुद्राकडे जाणाऱ्या उतारावरून, खाली जाते ती गढूळ, जड प्रवाहांच्या रूपाने. अशा प्रवाहाची ताकद १९२९ साली न्यूफाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर दिसली होती, तेव्हा समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या केबली उताराच्या दिशेने एकामागून एक तुटत गेल्या.

पण माझ्या मते या खोऱ्यातली खरी कारागिरी चिखलाची आहे. नदीने घाईघाईने टाकलेल्या जाड चिखलातले पाणी बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे तो वरच्या भाराखाली उताराच्या दिशेने घसरतो. वरच्या बाजूला थर भ्रंशांवर खचतात आणि पायथ्याशी त्याच चिखलाचे उंचवटे वर येतात. वाळूचे नागमोडी प्रवाहमार्ग या उंचवट्यांना वळसे घालतात, मधल्या खळग्यांत साचतात, आणि भोवतालचा चिखल पुढे झाकणाचे काम करतो. डी-६ गटातले (या समुद्रात वायूशोधासाठी आखलेल्या एका क्षेत्रातले) २००२ साली सापडलेले मुख्य साठे अशाच तुलनेने तरुण वाळूमार्गांत होते. तिथे एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, २०१० मध्ये ते दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरवर पोहोचले आणि मग झपाट्याने उतरले. विहिरींत पाणी आणि वाळू शिरू लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते बंद झाले. भूकंपीय नकाशावर (जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या चित्रावर) सलग दिसणारी वाळू प्रत्यक्षात आतून सलग असेलच असे नाही, ही गोष्ट नागमोडी प्रवाहमार्गांच्या बाबतीत तरी कधीच नजरेआड होऊ देऊ नये.

याच खोऱ्यात २००६ च्या वेधनात मिथेन हायड्रेट (पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला मिथेन वायू) सापडले ते मुख्यतः चिखलाच्या भेगांत, आणि तिथून ते काढणे फार अवघड. २०१५ च्या मोहिमेत मात्र खोल समुद्रातल्या वाळूच्या थरांतही ते आढळले.