रिद्धपूरची कुलूपबंद अक्षरे

अमरावतीहून निघालेल्या एस.टी.तून मी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला उतरलो, तेव्हा आंबिया बहाराची तोड सुरू होती आणि फाट्यावर संत्र्यांच्या पेट्या भरल्या जात होत्या. मला पोथ्या पाहायच्या होत्या. महानुभाव पंथाची काशी मानल्या जाणाऱ्या या गावी म्हाइंभटांनी, पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून आठवणी गोळा करून, १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ लिहिले. पण रिद्धपूरच्या अक्षरांचे वय त्याहून जुने आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा पाचव्या शतकातला एक ताम्रपट याच गावी सापडला. वाकाटकांच्या ताम्रपटांतील अक्षरांच्या माथ्यावर बहुधा चिमुकली चौकट असते, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात.

मठातल्या बाबांना दंडवत घातला. “हात धुऊन या, मंग दाखोतो,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी पोथीचा रुमाल सोडला. आत सुटी पाने होती. बोरूचे टोक तिरपे कापलेले असल्याने रेघ वळते तिथे ती आपोआप जाड-बारीक होते, आणि शब्दांमध्ये जागा न सोडता ओळ सलग धावत असल्याने शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे असते. एका ठिकाणी चुकलेल्या अक्षरावर ते झाकण्यासाठी हरताळ हा पिवळा रंग लावलेला दिसला. केल्या कामावर ‘हरताळ फासणारे’ आपण सगळे मूळचे लेखनिकच म्हणायचे!

दुसरी पोथी उघडली आणि माझे वाचन थांबले. ती सकळ लिपीत होती. चौदाव्या शतकात रवळोबासांनी रचलेल्या या लिपीत प्रत्येक अक्षराऐवजी एक ठरावीक खूण येते. पुढे पंथात सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी सांकेतिक लिप्या निघाल्या. त्यामुळे हे वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञातच राहिले. संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणून मराठीचाच आग्रह धरणारे नागदेवाचार्य याच पंथाचे होते, हे आठवले की मला या कुलपाचे नवल वाटते. ग्रंथ जपण्याची काळजी मला समजते. तरी भाषा दारात आणून ठेवायची आणि अक्षरांना कडी घालायची, हे मन पटकन स्वीकारत नाही.

बाबा मात्र ते पान न अडखळता वाचत होते. निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर माझे नाव सकळ लिपीत लिहून दिले. परतीच्या एस.टी.त मी ते बराच वेळ न्याहाळले. अमरावती जवळ येईपर्यंत त्यातले पहिले अक्षर तेवढे लागले होते.