आमची वाटचाल : आधी उलटी बाजू बघा

धारवाडच्या अक्कांकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझी इरकल बाजूला ठेवून आधी सुई मागितली. "एवढ्या जाड सुईनं धागे कसे मोजणार?" कसुती म्हणजे धारवाडकडचं, कापडाचे धागे मोजून करायचं भरतकाम. त्याला छापा नाही, पेन्सिल नाही. ताणाबाणा मोजायचा आणि टाका घालायचा. गवंती-मुर्गी या टाक्यांना तर गाठही चालत नाही, दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या पाहिजेत.

मला हे काम कुर्त्यांवर, स्टोलवर आणायचं होतं. पहिल्या लिननचा ताणा दाट आणि बाणा विरळ निघाला, भरलेली सगळी गोपुरं अरुंद, उंच झाली! मग दोन्हीकडून सारखी मोजणी असलेलं सुती कापड विणून घेतलं. बारीक रेशमावर वरून जाळी टाचतो आणि काम झालं की जाळीचा एकेक धागा चिमट्यानं ओढतो. घाई केली की टाका सैल पडतो.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या व्यापाऱ्यानं बारा नमुने नेले. चारशे स्टोलची ऑर्डर तोंडी दिली. मी कापड, दोरा उधारीवर उचलला. एकशे चाळीस नग तयार झाल्यावर त्याचा फोन आला, रेट बसत नाही. दिवाळीत माझ्याच नक्षीतली तुळशीवृंदावनं, माझ्याच क्रमानं, मशीनवर काढलेली बाजारात आली, 'हाताची कसुती' म्हणून. भौगोलिक मानांकन असलेल्या कलेची ही गत! बायकांची मजुरी द्यायला मी पाटल्या गहाण टाकल्या. तो माणूस आजही समोर आला की माझी मान दुसरीकडे वळते.

त्या दिवाळीनंतर आमच्या एक निवृत्त शिक्षिका बाई आल्या. त्या कापड हातात घेतात ते उलटं करूनच. एकेक स्टोल उलटून बघितला, नऊ घेतले, भावाची घासाघीस नाही. पुढच्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन आल्या. महिन्याभरात निम्मा माल गेला. गेली आठ वर्षं काम चालूच आहे.

नव्यानं धंद्यात येणाऱ्या मुलींनो, आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय नमुना दाराबाहेर जाऊ देऊ नका. मजुरी माल विकायची वाट न बघता, काम हातात आलं की द्या. इस्त्री उलट्या बाजूनं करा. आणि मशीनचं काम ओळखायचं असेल तर कापड उलटा, खालचा बॉबिनचा दोरा लगेच दिसतो.

पाटल्या सुटल्या. अक्कांची नजर आता अधू झाली आहे, पण नवीन नग त्यांच्याकडे नेला की त्या उलट्या बाजूवरून बोट फिरवतात आणि गाठ लागली तर उसवायला लावतात.