ऑक्टोबरचा लॉग: स्वयंपाकघरातले रंग (मोठी ४ वर्षांची, धाकटा अडीचचा)

मागच्या महिन्यात मी रोज नवीन काहीतरी करायला घेत होते आणि खरं सांगायचं तर मुलांपेक्षा मीच जास्त दमले, म्हणून यावेळी ठरवलं की महिनाभर एकच थीम, आणि एक वस्तू हातात आली की तिचा पूर्ण कंटाळा येईपर्यंत तीच. पहिली हळद. तिनेच दहा दिवस खाल्ले!

हळद पाण्यात कालवून जाड ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशने फासली, वाळू दिली. मग वाटीत खायचा सोडा पाण्यात विरघळवून कानात घालायच्या कापसाच्या काड्या दिल्या. मोठीने रेघ ओढली आणि रेघ लालभडक! ती ओरडलीच, "आजी, हळद रागावली!" सासूबाई म्हणाल्या अगं कुंकू असंच तर करतात हळदीचं, आणि मग देव्हाऱ्यातली कोयरी खाली आली, दोन्ही रंग शेजारी ठेवून बघून झाले. त्याच लाल रेघेवर लिंबू फिरवलं की परत पिवळं होतं, हे धाकट्याला इतकं आवडलं की चार दिवस रोज सकाळी उठल्यावर "निंबू दे" चालू होतं. एक सांगते, पानाचा चुना वापरला तरी हाच लाल रंग येतो पण मुलांच्या हातात चुना अजिबात देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट. सोडाच बरा.

पुढचा आठवडा गोकर्णाचा. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर वेल आहे, १०-१२ फुलं अर्धा कप गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली (पाणी मी ओतलं, मुलं लांब) तर मस्त निळं पाणी. इथे मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे इडलीची ताटली, एकेका खळग्यात थोडं निळं पाणी, मग औषधाच्या ड्रॉपरने एकात लिंबू, एकात सोडा, एकात मीठ, एकात नुसतं पाणी. लिंबाचं जांभळं-गुलाबी होतं, सोड्याचं हिरवट, मिठाचं काहीच नाही, आणि "काहीच नाही झालं" हेसुद्धा मोठीने स्वतः शोधून सांगितलं याचा मला फार आनंद झाला. ड्रॉपर दाबायला धाकट्याला आधी जमत नव्हतं, मूठ करून दाबायचा, आता अंगठा आणि बोट बरोबर लावतो. पेन्सिल धरायला पुढे हीच पकड लागते, त्यामुळे वर्कबुकची घाई मी सोडून दिलीये.

बीट फसलं. रंग छान आला पण चित्र दोन दिवसांत तपकिरी पडलं आणि उरलेलं पाणी ओट्यावर राहिलं त्याला बुरशी आली. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं असं आजूबाजूचं घेतलं, हे मी या महिन्यात खूपदा आठवलं. बाजारातला अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स आमच्याकडे आला होता, अर्ध्या तासात संपला. हळदीची पुडी अजून चालू आहे.

सध्या काय चाललंय तर हळदीच्या कोरड्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून वरून काच, आणि बाल्कनीत कडक उन्हात. उन्हाने हळद उडते ना (कपड्यावरचा डाग आपण उन्हातच घालवतो), म्हणून पानाखालचा भाग पिवळा राहतो आणि बाकीचं फिकं. दोन दिवसांनी पान उचललं तर नीट ठसा! मोठी आता घरभर फिरून "याचा ठसा येईल का" विचारतेय, चावी, कंगवा, धाकट्याचा हात. हात कसा ठेवणार दोन दिवस, तर म्हणाली कागदाचा हात कापू. कापला, उन्हात आहे.

दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही वाळवून ठेवलाय, त्याच्या पाण्यात पांढरे सुती रुमाल रंगवायचेत. रंग धरायला तुरटी लागते एवढं माहितीये, पण चार रुमालांना किती घालायची? कुणी केलं असेल तर प्रमाण नक्की सांगा, रविवारी करायचंय.