कोरा पिक्चर अपडेट: वेळेची पट्टी एकदाची गेली

पट्टी गेली मंडळी! कोरा पिक्चर म्हणजे आधी काहीच माहीत नसताना बघायचा पिक्चर, आणि त्यात जिच्या नावाने इतके दिवस बोटं मोडत होतो ती पडद्याखालची किती वेळ उरलाय ते दाखवणारी पट्टी काल रात्री एकदाही दिसली नाही, पिक्चर संपतोय हे पाट्या वर सरकायला लागल्यावरच कळलं, काय सांगू कसलं भारी वाटलं.

नाव, पोस्टर, ट्रेलर हे सगळं वाढपी नेमल्यापासून सुटलंय (वाढपी म्हणजे पिक्चर निवडून आमच्यापुढे वाढणारा, आमचा इंदिरानगरचा मित्र, निवड पूर्ण त्याची). पण टीव्हीवरच्या ॲपचं काय? मागे ऐन मोक्याला वहिनीचा फोन आला, पुतण्याने पॉज दाबलं, वर हिरो दरीच्या काठावर लटकलेला आणि खाली उरलेली वेळ ५२ मिनिटं. आता हा पडत नाही हे कळलंच ना, मग जीव कशाला टांगणीला लागेल? कागद चिकटवून बघितला, तर सबटायटल्सपण तिथंच येतात.

आता जमलेला जुगाड: जुनी डीव्हीडी, लॅपटॉप आणि व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर. सेटिंगमध्ये फुलस्क्रीनचे कंट्रोल्स बंद करा, सुरुवातीला नाव दाखवायची टिकमार्क काढा, आणि डिस्क उघडताना मेनू नको हा पर्याय निवडाच, कारण त्या मेनूमागे शेवटाकडचे सीन बिनधास्त फिरत असतात. फुकटातलं इतकं गुणी सॉफ्टवेअर दुसरं नाही. डिस्क रद्दीच्या दुकानातूनच घ्या, ओरखडे हातात धरून बघता येतात, फक्त खरेदीला वाढप्याला पाठवा, कव्हरच्या मागे अर्धी स्टोरी छापलेली असते. आणि पॉज बंद म्हणजे बंद. हिचकॉकने १९६० ला 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाच आत सोडू नका असं थिएटरवाल्यांना बजावलं होतं, आपल्या हॉलमध्येपण आता तोच कायदा.

पुढचा नंबर थरारपटाचा होता. पण सकाळी पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकावरून जाताना डोक्यात आलं, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' बघायला बसलेल्यांना गोष्ट तर लहानपणापासून पाठ होती! राज्य जाणार, डोंबाघरी राबावं लागणार, सगळं माहीत. तरी ते पडद्यावर कसं दिसणार हे कुणाला ठाऊक होतं? म्हणजे कोरेपण नुसत्या गोष्टीत नसतं, पुढचा शॉट कुठला, मध्येच गाणं येणार का, हसवणार की रडवणार यातपण असतं, आणि मला तर वाटतं जास्त यातच असतं.

त्यामुळे थरारपट मागे. वाढप्याला आत्ताच फोन केलाय, गोष्ट रामायण-महाभारतातली चालेल पण पिक्चर मी न बघितलेला हवा, भाषा कुठलीही. तो म्हणतो मग सबटायटल्सपण बंद करून बघू, गोष्ट माहितीच आहे की! हे मला सुचलंच नव्हतं. शनिवारी रात्री बसतोय. कुणी असं केलं असेल तर आवाज किती ठेवलात तेवढं सांगा, पिक्चरचं नाव मात्र अजिबात टाकू नका.