इंदूर–जानापाव लायकेन नोंदी: आता फक्त आंब्याचीच झाडं

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला, साली-दगडांवर वाढणारा जीव. त्यावरून इंदूर ते जानापाव डोंगरापर्यंतची हवा जोखायचा जुना नकाशा बाद केला. त्यात हवेपेक्षा सालच जास्त उमटली होती. शहरात नीलगिरी आणि पेरू, जानापावाकडे आंबा! नीलगिरी-पेरूची साल सोलवटून गळते, मग हवा कितीही स्वच्छ असो, लायकेन टिकणार कशावर? आता सगळीकडे फक्त आंबा घ्यायचा. खोड सरळ हवं, घेर किमान ७० सेंमी. रस्त्याकडेची बरीच झाडं गेरू-चुन्याच्या पट्ट्यांमुळे बाद होतात, त्याला इलाज नाही.

जाळी ५० × १० सेंमीची, तिच्यात १० सेंमीचे पाच चौकोन. खालची कड जमिनीपासून १ मीटरवर ठेवून चारही दिशांना लावायची. चौकोनात जात दिसली की १ गुण, मग ती टिकलीएवढी असो की चौकोनभर. म्हणजे एका झाडावर एका जातीला जास्तीत जास्त २०. सुतळीची जाळी ताणली की चौकोन तिरके होतात; जाड तारेची चौकट बरी.

खरा घोळ पिक्सिन कोकोज आणि डिरिनारिया या दोन लायकेनांत होतो. दोन्ही राखाडी, सालीला घट्ट चिकटलेले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब टाकला की डिरिनारियाची वरची कातडी पिवळी पडते, पिक्सिन कोकोजची नाही. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली मात्र पिक्सिनच पिवळं चमकतं. स्वस्त ३९५ वाली टॉर्च घेऊ नका, तिच्या जांभळ्या उजेडात ती चमक बुडते. बाटली सारखी उघडी राहिली तर द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावतं, आणि मग डिरिनारियासुद्धा पिक्सिनच्या खात्यात जमा होतं. निघण्यापूर्वी ओळखीच्या तुकड्यावर थेंब टाकून बघावा.

पाताळपाणीच्या दरीत, सावलीतल्या गुळगुळीत सालीवर ग्राफिस हा लायकेन शोधा: पांढरट पापुद्र्यावर काळ्या वळणदार रेघा, थेट होळकरी दप्तरातली मोडी! आंब्याच्या यादीत तो धरायचा नाही. जानापावचा बेसाल्ट आणि होळकरांच्या छत्र्यांमधला (समाधीवास्तूंमधला) चुना यांच्याही याद्या वेगळ्या. चुन्यावर चुनखडी मानवणाऱ्या जाती येतात, त्यांचा झाडांशी मेळ बसत नाही. छत्र्यांवर खरवडायचं नाही, फक्त फोटो. रालामंडल अभयारण्यातही तसंच.

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दगडफुलाएवढी (मसाल्यातलं तेही लायकेनच) मोठी पानं इथल्या खोडांवर शोधू नका. तो माल हिमालयातून नाहीतर दक्षिणेच्या डोंगरांतून येतो.

नमुने कागदी पाकिटातच ठेवा. प्लास्टिकमध्ये दोन दिवसांत बुरशी धरते.