एवढी चिडतेस तर उत्तर बघून का घेत नाहीस?

हा प्रश्न मला घरी विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, आणि आता भाचीपण विचारायला लागलीय. प्रश्न चुकीचा नाहीये. रात्री साडेअकराला बाई लॅपटॉपवरच्या गेममधल्या कोड्यात अडकून "अगं पण कसं उघडणार हे!!" म्हणून ओरडते आणि सकाळी डोळे सुजवून ऑफिसला जाते, तर कोणीही विचारेल की यूट्यूबवर दोन मिनिटांत मिळतं ते, बघून मोकळी हो की. दरवेळी मी हसून विषय बदलते. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, थोडं लांबेल.

मला पझल अ‍ॅडव्हेंचर गेम्स आवडतात. मारामारीवाले नाही, ते मला जमतच नाहीत, हात चालत नाहीत तेवढे भराभर. माझे गेम म्हणजे एक ओसाड बेट असतं, कोणी बोलत नाही, भिंतीवर काहीतरी खुणा असतात, एक चाक असतं जे फिरवलं की लांब कुठेतरी खडखड आवाज होतो, आणि नेमकं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगत नाही. याचा आद्य नमुना म्हणजे मिस्ट, 1993 चा. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांच्या सायन नावाच्या छोट्याशा कंपनीने बनवला, अमेरिकेत स्पोकेन नावाच्या गावाजवळ, आणि तोही मॅक कॉम्प्युटरवरच्या हायपरकार्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे चित्रं एकापुढे एक लावलेली, क्लिक केलं की पुढचं चित्र. तुम्ही मरत नाही, गेम ओव्हर जवळपास होतच नाही. आणि एवढा अवघड, एवढा शांत गेम 2002 पर्यंत जगातला सगळ्यात जास्त खपलेला पीसी गेम होता, मग सिम्स नावाच्या गेमने त्याला मागे टाकलं. म्हणजे अडकून चिडचिड करणारी मी एकटी नव्हते, लाखो लोक होते.

मिस्टची एक गंमत सांगते, कारण सगळं उत्तर तिच्यातच आहे. तो गेम माहितगार माणूस काही मिनिटांत संपवू शकतो. खरंच. शेवटाला जायला जे लागतं ते पहिल्याच बेटावर असतं, फक्त तुम्हाला काय करायचं ते माहीत नसतं. चावी गोळा करायची नाही, ताकद वाढवायची नाही. कुलूप गेमला नाहीच, ते तुमच्या डोक्याला आहे. मग उत्तर बघून घेतलं तर उरलं काय? क्लिक क्लिक क्लिक, झालं. सिनेमाचा शेवट आधी कळला तरी सिनेमा बघता येतो हो, पण शब्दकोड्याचं उत्तर वाचून शब्दकोडं सोडवता येत नाही.

पण हे झालं शहाणपणाचं बोलणं. खरी गोष्ट रिव्हनची आहे.

रिव्हन म्हणजे मिस्टचा पुढचा भाग, 1997 चा. पाच सीडींवर यायचा. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलं की सीडी बदला. दादाच्या कॉम्प्युटरवर आम्ही तो लावला होता, कुणाकडून तरी आणलेल्या कॉपी होत्या (तेव्हा सगळे तेच करायचे, आता लाज वाटते), आणि त्यातली एक सीडी मधेच अडकायची, त्यामुळे सीडी अडकलीय की आम्हीच गेममध्ये अडकलोय हेच आम्हाला कळायचं नाही! दादा सीडी बनियनला पुसून परत घालायचा. शेवटी सोडून दिला. वीस वर्षांनी लॉकडाऊनमध्ये मी तो रीतसर विकत घेतला आणि म्हटलं, बघू आता कोण जिंकतं.

सुरुवात बरी झाली. पहिल्याच बेटावर एक गेट आहे, त्याला कुलूप. मी किल्ली शोधत अर्धी रात्र घालवली. नंतर कळलं की गेटच्या खालून सरपटत जाता येतं. बास. खाली फट आहे, दिसते पण, नीट दिसते, पण आपलं डोकं म्हणतं कुलूप आहे म्हणजे किल्ली पाहिजे. तेव्हा मी हसले होते. हसण्यासारखं ते शेवटचंच.

मग बॉयलरवाल्या बेटावर आले. तिथे डोंगरात एक दुहेरी दार आहे. ते उघडून आत गेले, आतला बोगदा पालथा घातला, परत आले, दुसऱ्या बेटावर गेले, ट्राममधून फिरले, सगळे खांब, सगळे लिव्हर, सगळ्या खिडक्या बघून झाल्या, वही भरली, आणि पुढे जायला जागाच नाही. अकरा दिवस. आणि हे अकरा दिवस काही मी योगी माणसासारखी शांतपणे विचार करत नव्हते हां, नाहीतर तुम्हाला वाटेल काय थोर बाई आहे. पोराला विनाकारण ओरडले. भाजी करपवली. नवऱ्याने मागे उभं राहून "ते निळं दाबून बघितलंस का" विचारलं तेव्हा त्याला असं काही बोलले की तो दोन दिवस त्या खोलीत आला नाही. गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकदा तर गेम डिलीट केला आणि तासाभराने परत डाऊनलोड करत बसले, नेट स्लो, पहाटेचे दोन.

बाराव्या दिवशी त्याच दारातून आत गेले आणि का कोण जाणे, मागे वळून दार लावलं.

दाराच्या दोन्ही पल्ल्यांच्या मागे एकेक वाट होती. दार आत उघडतं, पल्ले जाऊन भिंतीला लागतात आणि दोन्ही वाटा झाकून टाकतात. म्हणजे अकरा दिवस जी वाट मी शोधत होते ती मीच रोज दार उघडून बंद करत होते.

आमच्या आईने जन्मभर हेच सांगितलं होतं की गं. दार लावून जा, मांजर शिरेल, डास येतील, दार उघडं टाकून कुठे निघालीस. आणि मी बेचाळीस वर्षांची घोडी एका अमेरिकन गेममध्ये अकरा दिवस दार उघडं टाकून फिरत होते. मी एकटीच एवढ्या मोठ्याने हसले की नवरा उठून आला, आणि त्याला समजावून सांगायला गेले तर म्हणतो, "मग? दार लावलं. बरं." त्याला त्यात काही वाटलं नाही. कसं वाटेल, तो अकरा दिवस अडकला नव्हता ना. हेच यूट्यूबवर बघितलं असतं तर मलाही तेवढंच वाटलं असतं. दार लावा, डावीकडे जा. बरं.

आता कोणी म्हणेल ही तर चीटिंग झाली, दारामागे लपवणं. मी खूप विचार केला यावर. नाही झाली. दार माझ्या समोर होतं, दाराला पल्ले असतात हे मला माहीत होतं, पल्ल्यांमागे जागा असते हेही माहीत होतं, लहानपणी लपाछपीत तिथेच तर लपायचो. चूक माझी होती. अशा अडकण्याचा मला राग येतो पण तो राग मला चालतो.

न चालणारा राग वेगळा. मंकी आयलंड 2, 1991 चा, अख्खा गेम धमाल विनोदी आणि मला प्रचंड आवडतो, पण त्यात एका ठिकाणी धबधब्याचा पंप फिरवायचा असतो आणि त्याला पाना नाही. तर करायचं काय, बारमध्ये पियानो वाजवणारं एक माकड आहे, त्याच्यासमोर हलणाऱ्या मेट्रोनोमला, म्हणजे ताल धरायच्या यंत्राला, केळं लावायचं, माकड त्याकडे बघत थिजून जातं, मग ते माकड उचलून खिशात घालायचं आणि त्याने पंप फिरवायचा. का? कारण इंग्रजीत, तेही अमेरिकेतल्या इंग्रजीत, एका पान्याला मंकी रेंच म्हणतात. झाला विनोद. अहो, इंग्लंडमधल्या माणसालासुद्धा तो शब्द पटकन सुचत नाही, तिकडे स्पॅनर म्हणतात, तर आमची काय कथा. आमच्याकडे पाना म्हणजे पाना, त्याचा माकडाशी काय संबंध. इथे मी जन्मभर विचार केला असता तरी उत्तर आलं नसतं, कारण उत्तर गेममध्ये नव्हतंच, दुसऱ्याच्या शब्दकोशात होतं. असं असेल तर मी सरळ उत्तर बघते, अजिबात लाज वाटत नाही, आणि वर दोन शिव्या घालते. गॅब्रिएल नाइट 3 मध्ये तर मांजराचे केस चिकटवून मिशी करायची असते, एका अशा माणसाचं सोंग घ्यायला ज्याला मुळात मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर पेनाने मिशी काढायची. हे ज्यांनी स्वतःहून सोडवलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि रिव्हन याच्या उलट टोकाला आहे. तिथले आकडे वेगळे आहेत, चौकटीत रेघोट्या. ते शिकवत कोणी नाही, पण गावात एक रिकामी शाळा आहे आणि शाळेत मुलांचं एक खेळणं: फिरवलं की एक खूण दिसते आणि दोरीला टांगलेला बाहुला तेवढी घरं खाली उतरतो, खाली माशासारखा एक अक्राळविक्राळ प्राणी आ वासून बसलेला. (पोरांना हे खेळायला देतात, यावरून तिथला राज्यकर्ता कसा आहे ते कळलंच.) तुम्ही त्या शाळेत बसून घरं मोजता आणि आकडे शिकता, पण फक्त दहापर्यंत. पुढे कुलपाला चोवीस-पंचवीसपर्यंतचे लागतात. मग लक्षात येतं की पाच म्हणजे एकच, फक्त आडवा केलेला, दहा म्हणजे आडवा दोन, आणि सहा म्हणजे आडव्या एकावर उभा एक. मग पंधरा, वीस आपोआप येतात. आपल्याकडे एकोणवीस एकोणतीस एकोणचाळीस असं छान चाललेलं असताना नव्याण्णवला पोरगं "एकोणशंभर" म्हणतं आणि धपाटा खातं, तसा दगा तिथे नाही, नियम शेवटपर्यंत पाळलाय. मी वहीत सतरा लिहिला, कुलूप त्या घरावर सरकवलं, आणि ते उघडलं. कोणी शिकवलं नाही आणि मला आलं. असं मला दहावीनंतर कधी वाटलं नव्हतं.

हां, एकदा मी बघितलं रिव्हनचंही उत्तर. खोटं कशाला बोलू. शेवटाकडे पंचवीस बाय पंचवीसची जाळी आहे आणि तिच्यात रंगीत गोट्या नेमक्या जागी ठेवायच्या, रंग कळायला पाण्याखालच्या एका खोलीत दिवे लावून बघायचे आणि त्यातला एक दिवा गेलेला, तो रंग तुम्ही अंदाजाने ठरवायचा. मला वाटलं माझ्या गेममध्येच बिघाड आहे, सीडीचा जुना अनुभव होता ना. म्हणून बघितलं. बिघाड नव्हता, दिवा मुद्दामच घालवलेला होता. त्या रात्री गेम संपवला पण शेवट मला धड आठवतही नाही. दार मात्र आठवतं, त्या दाराच्या कड्यासकट.

2024 मध्ये रिव्हन नव्याने बनवून आला, कोडी बरीच बदलून. तो मी नंतर खेळीन. पण जुनाच भाचीला लावून दिला सुट्टीत, कारण तिनेच विचारलं होतं ना, बघून का घेत नाहीस म्हणून. मोबाईल बाहेर ठेवायचा एवढी एकच अट. तिने चार दिवसांत गेट ओलांडलं, ट्राममध्ये बसली, आणि काल संध्याकाळी त्या डोंगराच्या दारातून आत गेली, बोगदाभर फिरली, बाहेर आली, परत गेली. मी मागे मटार सोलत बसले होते.

"आत्या, इथे काहीच नाहीये."

"हो का."

"अगं खरंच नाहीये काही. तू इथून कुठे गेली होतीस?"

"आठवत नाही बाई," म्हटलं, आणि चहा टाकायला उठले. जाताना खोलीचं दार लावून घेतलं.